पात्याची पारख

मंडळी, कोणत्याही आठवडे बाजारात लोखंडी सामानाच्या दुकानाशी जा. कुलपे, बिजागऱ्या, पाने यांच्या जोडीला हल्ली एक वस्तू हमखास दिसते. तळहातात मावेल एवढी पक्कड आणि तिच्या दोन्ही मुठींत घडी घालून बसवलेली दहा-पंधरा हत्यारे. शहरी दुकानात तिला मल्टीटूल म्हणतात. दुकानदार एकेक हत्यार नखाने उघडून दाखवतो आणि मोजत जातो: ही करवत, ही कानस, हा पेचकस, हे डबा फोडायला, हे बाटली उघडायला, आणि हा चाकू. चाकू बहुधा शेवटी येतो. किंमत विचाराल तर शे-दोनशे रुपयांपासून थेट दहा हजारांच्या पुढे. वस्तू तर सगळ्या सारख्याच चकाकतात. मग बेताच्या पैशांत काय घ्यावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहास शिकवणाऱ्या माणसाकडे कशाला मागायचे, असे तुमच्या मनात येईल. त्याचे कारण असे, की हा प्रश्न मुळात पारखीचा आहे. आपल्या खेड्यांत लोखंडाची आणि धारेची पारख घरोघर होती. ती कशी होती आणि कशी गेली हे कळले, म्हणजे दुकानात काय पाहायचे हेही आपोआप कळेल. आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. हत्यारे किती आहेत ते मोजू नका, पाते पाहा. दिवसातून दहा वेळा हात जातो तो चाकूकडे. बाकीची हत्यारे महिन्यातून एकदा उघडली तरी पुष्कळ.

एका वस्तूत अनेक कामे ही काही परदेशाची कल्पना नव्हे. आपल्या स्वयंपाकघरातली विळी घ्या. पाटावर पाते, पात्याच्या टोकाला खवणी. भाजी चिरा, नारळ खवा, आणि घडीची विळी असेल तर काम झाल्यावर पाते पाटावर निजवून ठेवा. कुऱ्हाडीचे तोंड लाकूड फोडते आणि मागची बाजू मेख ठोकते. पानाच्या डब्यातल्या अडकित्त्यावर तर आपल्या कारागिरांनी इतकी कलाकुसर केली, की पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नाना आकारांचे अडकित्ते पाहायला माणसे मुद्दाम जातात. पण विळी घेताना आपली आजी खवणीचे दात मोजत बसली नाही. तिने पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि मग भाव विचारला.

ही पात्याची ओढ फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांहून जुन्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत गारगोटीच्या जातीच्या दगडाची लांब, सरळ, पातळ पाती सापडली. तांबे त्यांना ठाऊक होते, पण ते महाग आणि थोडे. म्हणून रोजची धार दगडाची. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या मुठीत बसवीत. ही घोड नदी पुढे भीमेला मिळते, आणि भीमा आपल्या माढा तालुक्याच्या कडेने वाहते. म्हणजे ही आपल्याच नदीच्या खोऱ्यातली हकीगत आहे. पुढे लोखंड आले. नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली. ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची मानतात. विदर्भातल्या त्या काळच्या शिळावर्तुळांत कुऱ्हाडी, छिन्न्या, सुऱ्या मिळाल्या आहेत.

आता गावगाड्याकडे येऊ. लोहार हा थोरल्या ओळीतला बलुतेदार, सुताराच्या पंगतीतला. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ ह्या १९१५ सालच्या पुस्तकात ह्या व्यवस्थेचे वर्णन आहे. व्यवहार साधा होता. लोखंड शेतकऱ्याचे, मेहनत लोहाराची, आणि सुगीला खळ्यावर बलुते. ह्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती आणि अन्यायही होता. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण खरेदीदाराच्या दृष्टीने तिच्यात एक सोय होती. विळ्याची धार चार दिवसांत मोडली, तर विळा करणारा समोरच राहत असे. त्याचे नाव, त्याची भट्टी, त्याचा हात सगळ्या गावाला माहीत. वस्तूवर शिक्का नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती.

शिवाय काम डोळ्यांदेखत होई. भाता ओढणाऱ्या पोरालासुद्धा तीन गोष्टी कळत. एक, साधे लोखंड मऊ. त्याला धार धरत नाही. म्हणून तोंडाशी पोलादाची पट्टी जोडून ठोकायची. पोलाद म्हणजे ज्यात कोळशाचा अंश, कार्बन, मुरला आहे असे लोखंड. चांगल्या सुरीच्या साध्या पोलादात तो शेकडा अर्धा ते एक टक्का असतो. दोन, पाणी देणे. पाते लालबुंद तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले, की ते काचेसारखे कठीण होते. पण काचेसारखेच ठिसूळही. तीन, म्हणून ते पुन्हा मंद आचेवर धरायचे. घासून उजळ केलेल्या पात्यावर गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढला, की झटकन काढायचे. मग कठीणपणा राहतो आणि ठिसूळपणा जातो. रंग निळ्यावर गेला, की धारेचा कठीणपणा कमी झाला. ‘पाणीदार’ हा शब्द आपण तलवारीलाही लावतो आणि माणसालाही, तो उगाच नव्हे. गाढवांवर किंवा गाडीवर संसार घालून गावोगाव फिरणारे घिसाडी हेच काम पालासमोर, सर्वांच्या देखत करीत. बाई घण मारी आणि पुरुष सांडशीत लोखंड फिरवी. विकत घेणारा शेजारी उभा राहून सगळे पाहत असे.

दख्खनच्या पोलादाची ख्याती तर साता समुद्रापार होती. मुशीत गाळलेले हे पोलाद; त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. कानडीत पोलादाला उक्कु म्हणतात. त्यावरून इंग्रजीत त्याला ‘वूट्झ’ हे नाव पडले असे मानतात. पूर्वी निजामाच्या मुलखात असलेल्या आणि आता तेलंगणात असलेल्या कोनसमुद्रम गावी हे पोलाद होई, आणि इराणातले व्यापारी तिथे जातीने येऊन ते पारखून नेत. माढ्याला हा मुलूख परका नव्हता. इथली गढी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते रावरंभा निंबाळकर निजामाचेच सरदार होते. १७९४ साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ह्या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. तिथे जेम्स स्टोडार्ट नावाच्या नामांकित सुरीकाराला त्याची एक वस्तू करून बघायला सांगितले. त्याने काय केले असेल? तलवार नव्हे, कट्यार नव्हे. त्याने केला बोरू-टाक तासायचा लहानसा खिशातला चाकू! पोलादाची परीक्षा लहान पात्यातच होते, हे त्या कसबी माणसाला ठाऊक होते. पुढे ह्याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरडे ह्या थोर शास्त्रज्ञाने पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले आणि १८२० साली ते प्रसिद्ध केले.

मग ही विद्या आपल्याकडून गेली कुठे? काही अंशी ती आगगाडीने गेली, असे म्हणायला हरकत नाही. १८६० साली लोहमार्ग सोलापूरपर्यंत पोहोचला. माढा तालुक्यातले आजचे कुर्डूवाडी स्टेशन तेव्हा बार्शी रोड म्हणून ओळखले जाई. १८९७ च्या मार्चमध्ये तिथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. गाडी येताना विलायती लोखंड, खिळे, पत्रे, चाकू-कात्र्या घेऊन आली. हा माल स्वस्त होता, पुष्कळही होता. देशी भट्ट्यांना जंगलातला कोळसा महाग पडू लागला होता. त्या विझत गेल्या. लोहार राहिला, पण तो आता परक्या लोखंडाला आकार देणारा झाला. चाकू दुकानातून येऊ लागला. करणारा माणूस दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी पात्यावर कोरलेले नाव आले.

नावाबरोबर दिखाऊपणाही आला. इंग्लंडातले शेफील्ड हे चाकूंचे मोठे गाव. तिथल्या जोसेफ रॉजर्स कंपनीने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात एक अजस्र चाकू मांडला. त्याला ७५ पाती आणि हत्यारे होती. लोकांनी तोंडात बोट घातले. पण मंडळी, त्या चाकूने कोणी कांदा कापला नाही, की दोरी कापली नाही. तो कपाटात ठेवायचाच होता. आज बाजारात ‘एकात पंधरा’ अशी हाळी ऐकली, की त्या चाकूची आठवण ठेवावी. रॉजर्सचे कारागीर निदान पोलाद उत्तम वापरीत. आजच्या स्वस्त नकलांत पुष्कळदा तेवढेही नसते.

आता उलट बाजूचे उदाहरण पाहा. बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी, १२ जून १८९७ रोजी, स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनर नावाच्या सुरीकाराने आपल्या घडीच्या चाकूची सरकारदरबारी नोंद केली. हा देश तेव्हा आजच्यासारखा श्रीमंत नव्हता. कामधंद्यासाठी माणसे देश सोडून जात. एल्सेनरने १८८४ साली ईबाख गावी छोटे दुकान टाकले होते. १८८९ साली तिथल्या लष्कराने नवी बंदूक घेतली. ती उघडायला पेचकस लागे आणि डब्यातले अन्न खायला डबा फोडणी लागे. म्हणून शिपायासाठी एक घडीचा चाकू ठरला. त्यात हत्यारे किती? चार! एक मोठे पाते, एक आरी, एक डबा फोडणी, एक पेचकस. पहिली खेप जर्मनीतून आली. एल्सेनरने आपल्या भागातले सुरीकार गोळा करून १८९१ साली हा चाकू देशातच करून द्यायला सुरुवात केली. जर्मन कारखान्यांचा माल स्वस्त पडे; सोबती गळाले आणि एल्सेनर दिवाळखोरीच्या काठावर गेला. तरीही त्याने पाते हलके केले नाही. त्याने डोके चालवले ते कमानीत: एकाच कमानीच्या आधाराने दोन्ही बाजूंना हत्यारे बसवली, त्यामुळे चाकू हलका झाला आणि खिशात मावला. १९०९ साली आई वारल्यावर त्याने तिचे व्हिक्टोरिया हे नाव मालाला दिले. १९२१ साली न गंजणारे पोलाद आले, त्याच्या ‘इनॉक्स’ ह्या नावाशी जोड होऊन ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झाले.

पक्कड मात्र ह्या चाकूत नव्हती. अमेरिकेतला टिम लेदरमन १९७५ साली जुनी फियाट घेऊन युरोपात हिंडत होता. गाडी सारखी बिघडे, आणि खिशातल्या चाकूला पक्कड नसल्याने त्याची अडचण होई. त्याने पुढची काही वर्षे खपून पकडीच्या मुठींत चाकू बसवला. १९८३ साली तो विक्रीला आला. आज आपल्या बाजारात दिसणाऱ्या घडीच्या पकडी ह्याच हत्याराच्या बऱ्यावाईट नकला आहेत.

इतका फेरा मारला तो एवढ्यासाठी, की आता दुकानात उभे राहून काय पाहायचे ते नीट कळावे. करणारा माणूस समोर नाही, तेव्हा वस्तूलाच बोलते करायला हवे.

पहिली गोष्ट, आपले काम ठरवा. डाळिंबाच्या बागेत गुटी कलम करणाऱ्याला फांदीची साल गोल, स्वच्छ काढता येईल असे पाते हवे. बोथट पाते साल कापत नाही, चेचते. चेचलेल्या जागी मुळी धरणे कठीण. ठिबकची नळी कापणे, सुतळी तोडणे, मोटारीच्या स्टार्टरची तार सोलणे ही कामे करणाऱ्याला चाकू आणि पक्कड दोन्ही लागतात. शिक्षकांना, गृहिणींना, प्रवाशांना एक पाते आणि एक पेचकस पुष्कळ झाला. पाते अडीच ते तीन इंचांचे असले की बहुतेक कामे होतात.

दुसरी गोष्ट, पोलाद. पात्यावर नुसते ‘स्टेनलेस’ लिहिले असेल तर त्यातून काही कळत नाही. भांड्यांचे स्टेनलेस वेगळे आणि पात्याचे वेगळे. इथे लोहचुंबकाचा एक गंमतीचा प्रयोग आहे. शिक्षकांनी तो वर्गात जरूर करावा. भांडे घेताना आपण चुंबक चिकटला नाही की खूश होतो. पात्याच्या बाबतीत उलट. पाणी देऊन कठीण होणारे स्टेनलेस चुंबकाला चिकटते. न चिकटणाऱ्या भांड्याच्या जातीच्या पत्र्याला पाणी चढत नाही आणि धार टिकत नाही. चुंबक चिकटला म्हणजे पाते उत्तम, असे मात्र समजू नका; चिकटला नाही तर पुढे जाऊ नका, एवढेच. पात्यावर किंवा खोक्यावर पोलादाचा प्रकार आणि करणाऱ्याचे नाव असेल तर बरे. कठीणपणा रॉकवेल मापाने मोजतात. स्विस चाकूंचे पाते ५६ च्या आसपास असते. ह्या कठीणपणाचे पाते धार टिकवते आणि घरच्या दगडावर पुन्हा लावताही येते.

तिसरी गोष्ट, धार आणि बसण. पाते उजेडात धरून धारेकडे सरळ पाहा. चकाकणारी रेघ दिसली तर धार नाही. खऱ्या धारेवर उजेड थांबत नाही. वर्तमानपत्राचा कागद धरून कापा. सरळ कापला पाहिजे, फाटता कामा नये. मग पाते उघडून चिमटीत धरा आणि बाजूला हलवा. डुलले तर ठेवून द्या. नवे असतानाच डुलते ते पुढे बोट कापते. खटका असेल तर पात्याची पाठ लाकडावर दाबून पाहा. खटका सुटता कामा नये. पक्कड मिटून उजेडात धरा; तोंडाची टोके जुळली पाहिजेत.

चौथी गोष्ट, पैसे. खिशात बेताचीच रक्कम असेल तर ती पंधरा हत्यारांत वाटून टाकू नका. त्याच रकमेत नावाजलेल्या कारखान्याचा एक-दोन पात्यांचा साधा घडीचा चाकू घ्या आणि पक्कड वेगळी घ्या. शिपायाच्या पहिल्या चाकूत चारच हत्यारे होती, हे ध्यानात असू द्या.

गंजाचेही बोलू. साधे पोलाद दगडावर लवकर धरते आणि धार झकास देते. पण डाळिंबाच्या नि लिंबाच्या रसाने काळे पडते. वापरून झाले की पुसून तेलाचे बोट फिरवावे. डाळिंबावर तेल्या रोग असेल तर एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना हत्यार निर्जंतुक करावे लागते, आणि त्यासाठी वापरतात ते सोडियम हायपोक्लोराइट लोखंडाला खाते. अशा बागेत स्टेनलेस पातेच बरे, आणि तेही काम संपताच स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावे.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कितीही महाग पाते घेतले तरी त्याची धार एक दिवस जाणारच. ती परत लावता येत नसेल तर दहा हजारांचे हत्यार आणि शंभराचे हत्यार सहा महिन्यांत सारखेच. दगड ओला करा, पाते थोडे तिरके धरा, साधारण वीस अंश, आणि तोच तिरकसपणा शेवटपर्यंत ठेवा. एका बाजूने घासत राहिलात की दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागते. मग बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाते उलटे ओढा. चार-सहा दिवसांच्या सरावाने हे येते.

ही विद्या अजून अगदी संपलेली नाही. ऊसतोडीला येणाऱ्या नवराबायकोच्या जोडीलाच आपल्याकडे ‘एक कोयता’ म्हणतात. त्यांची रोजी धारेवर अवलंबून. म्हणून त्यांच्या हाताला पोलाद कळते. फडाच्या कडेला बसून कोयत्याला कानस मारणारी बाई पाते पाहूनच सांगेल, की ते नरम आहे की कडक. तिला अडाणी म्हणण्याआधी आपण दोनदा विचार करावा. घिसाड्यांची मुले शाळेत येऊ लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांच्या बापाच्या हातातली विद्या शाळेत आली का, हेही आपण विचारले पाहिजे. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, असे गांधीजींनी मांडले. ते सगळे जमले नसेल. पण एक दगड, एक चुंबक आणि घरून आणलेली चार बोथट पाती एवढ्या सामानावर शिक्षकांना एक तास नक्की घेता येईल. त्या तासाला पालावरच्या एखाद्या जाणत्या बाईला बोलावून मुलांसमोर बसवले, तर मुलांना पुस्तकाबाहेरचा इतिहास दिसेल.

तेव्हा येत्या बाजारी दुकानदार हत्यारे मोजू लागला, की त्याला थांबवा आणि आधी चाकू उघडायला सांगा. पाते नीट पाहा, कागदावर चालवा, डुलते का बघा, आणि मगच किंमत विचारा.